सीसीटीव्हीतला ‘तो’ आणि पिंजऱ्यातला ‘हा’: चेहरा-तुलनेचा तज्ज्ञ अहवाल कसा तपासावा

काही वर्षांपूर्वी एका सत्र खटल्यात दीड पानाचा अहवाल माझ्या हातात पडला. वर बोधचिन्ह, खाली सही-शिक्का आणि मध्ये शेजारीशेजारी छापलेले दोन चेहरे. डावीकडचा एका दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यातला. नाकाच्या जागी चार-पाच करडे चौकोन, डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग, कपाळ आणि केस यांच्यात सीमाच नाही. उजवीकडचा पोलीस ठाण्यात समोरून काढलेला, लख्ख. त्याखाली एकच वाक्य होतं: दोन्ही छायाचित्रांतील व्यक्ती एकच आहे. कशावरून, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. आरोपीच्या आईने तो कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “वकीलसाहेब, डाव्या बाजूला कुणाचाच चेहरा दिसत नाही हो.” त्या माउलीने एका वाक्यात केलेला उलटतपास मला पुढे दोन तारखा घेऊन करावा लागला.

हा लेख त्या अनुभवातून आला आहे. तो मुख्यतः तरुण वकिलांसाठी आहे, बचावाच्या आणि सरकारी बाजूच्याही. सरकारी वकिलाने हेच प्रश्न आधी आपल्या तज्ज्ञाला विचारले, तर कच्चा अहवाल न्यायालयात पोचणारच नाही. चेहरा-तुलना म्हणजे भोंदूगिरी, असं माझं मत नाही. या कामात खरोखर तयार झालेले लोक आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे. पण प्रत्येक पायरीवर एक गोष्ट लक्षात ठेवा. साक्षीदाराच्या ओळखपरेडीत आपण डमी उभे करतो, क्रिमिनल मॅन्युअलप्रमाणे एका आरोपीमागे किमान सहा. प्रयोगशाळेत मात्र एकच फोटो जातो, तोही आरोपीचा म्हणून.

पहिली पायरी: ओळख नेमकी कोण सांगतंय?

चित्रावरून ‘हाच तो’ असं सांगणारे लोक चार प्रकारचे असतात. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये ही वर्गवारी नीट करून दिली आणि आपल्याकडेही ती कामाला येते. पहिले खुद्द न्यायाधीश (तिकडे ज्युरी), जे पडदा आणि पिंजरा दोन्हीकडे पाहतात. दुसरा आरोपीला आधीपासून ओळखणारा: शेजारी, सहकारी, बीटवरचा हवालदार. तिसरा, आरोपीला न ओळखणारा पण फुटेज पुन्हा पुन्हा, तासन्‌तास पाहिलेला माणूस, बहुतेक वेळा तपासातलाच अंमलदार. चौथा, चेहरा-तुलनेचं प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ.

या चौघांचं वजन सारखं नाही. ओळखीच्या माणसाला आपण धूसर चित्रातही ओळखतो, अगदी पाठमोरा असला तरी. अनोळखी चेहऱ्याचं गणित वेगळं. १९९९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात चांगल्या दर्जाच्या व्हिडिओतला चेहरा समोर ठेवलेल्या दहा फोटोंतून निवडायचा होता. आठवणीवर काहीच अवलंबून नव्हतं, दोन्ही डोळ्यांसमोर होतं. तरीही लोक दहात सुमारे तीन वेळा चुकले. म्हणून बीट हवालदार ‘मी याला ओळखतो’ म्हणाला, तर त्याला विचारा: कधीपासून, कितीदा भेटलात, शेवटचं कधी? उत्तर ‘अटकेनंतर’ असेल, तर तो दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात गेला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेली कसाबची छायाचित्रं पुराव्यात होती. ती अजून आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पण तिथे छायाचित्रकार स्वतः साक्षीला उभा राहिला. कुठे होतो, काय पाहिलं, कॅमेरा कसा धरला, हे त्याने शपथेवर सांगितलं. चित्रामागे प्रत्यक्ष पाहणारा माणूस होता. दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यामागे असा कुणी नसतो, आणि तज्ज्ञ ती जागा भरू शकत नाही. घटना त्यानेही पाहिलेली नसते. न्यायाधीशांच्या समोर जे आहे, तेच त्याच्याही समोर असतं.

दुसरी पायरी: मूळ फुटेजपर्यंत पोचा

कागदावर छापलेल्या चेहऱ्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. आधी डीव्हीआरकडे, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राकडे चला.

गुन्हा आणि खटला कोणत्या काळातला, ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखासाठी त्याचं कलम ६३. त्याआधीपासून चालू असलेल्या खटल्याला १८७२ च्या कायद्याचं कलम ६५-ब. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ अभिलेख सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं (एसएचए-२५६, एमडी५ वगैरे) ते लिहायचं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. फाइलमधला एक बिट बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. जप्ती पंचनाम्यातला हॅश, प्रयोगशाळेच्या अहवालातला हॅश आणि तुम्हाला मिळालेल्या प्रतीचा हॅश, हे तीन आकडे एका कागदावर एकाखाली एक मांडा. हे काम कारकुनी वाटतं, पण मला अर्धे खटले इथेच उलगडलेले दिसले आहेत.

या कायद्याचा सगळ्यात महत्त्वाचा निवाडा आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, यावर निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण पुढे आलं. मागूनही प्रमाणपत्र मिळेना. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुय्यम प्रत द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य. मूळ उपकरणाचा मालकच साक्षीला येऊन ते उपकरण हजर करत असेल, तर गरज नाही. आणि कुणी प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

हरकत मात्र वेळेवर घ्या. फुटेजला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडत असतानाच उठा. सोनू ऊर्फ अमर प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की प्रमाणपत्र नसल्याची हरकत पहिल्यांदाच अपिलात घेता येणार नाही.

प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे. पी. गोपालकृष्णन प्रकरणात (२०१९) मेमरी कार्डातला मजकूर ‘दस्तऐवज’ ठरला. म्हणजे आरोपीला क्लोन प्रत मिळायला हवी. पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल, तिथे प्रत न देता वकील आणि तज्ज्ञासह पाहणीची मुभा. अर्ज करताना नुसतं ‘सीडी द्या’ असं लिहू नका. मागा ते असं: मूळ फॉरमॅटमधली फाइल, ती उघडणारा प्लेअर, त्याच डीव्हीआरवरच्या बाकी कॅमेऱ्यांचं त्या तासाभराचं चित्रीकरण आणि डीव्हीआरच्या घड्याळात किती फरक होता याची नोंद. घरा-दुकानांच्या डीव्हीआरवर जुनं चित्रीकरण काही दिवसांत नव्याखाली पुसलं जातं, म्हणून बचावाला उपयोगी फुटेज कुठे असेल अशी शंका जरी आली, तरी पहिल्याच आठवड्यात ते जतन करण्यासाठी अर्ज टाका.

तिसरी पायरी: चित्रात चेहरा किती आहे, ते मोजा

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. फूटपट्टी आणि भागाकार पुरतो.

कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा आहे असं धरा. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. आरोपी म्हणून दाखवलेला माणूस उभा आहे तिथे चित्रात डावीकडून उजवीकडे आठ मीटर जागा मावते, समजा एका गेटपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत. १९२० भागिले ८ म्हणजे मीटरमागे २४० पिक्सेल. माणसाचा चेहरा साधारण सोळा सेंटिमीटर रुंद, म्हणून त्याच्या वाट्याला सुमारे ३८ पिक्सेल आले. सीसीटीव्हीसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी व्यक्तीची ओळख पटवायला मीटरमागे २५० पिक्सेल धरलेले आहेत, आणि ओळखीचा माणूस ओळखायला १२५. म्हणजे आपलं उदाहरण जेमतेम काठावर आहे. तोच माणूस थोडा मागे, सोळा मीटर रुंदीच्या पट्ट्यात उभा असेल, तर चेहऱ्याला उरतात १९ पिक्सेल. एकोणीस चौकोनांत डोळे, नाक, ओठ, कान सगळं बसवायचं! अशा चित्रावरून कानाच्या पाळीचा आकार जुळला, असं अहवालात वाचलं की मी पेन्सिलीने समासात फक्त ‘१९’ लिहून ठेवतो.

घटनास्थळाच्या नकाशात रुंदी नसेल, तर स्वतः टेप घेऊन जा. मी गेलो आहे. दुकानदार सहसा मोजू देतात.

पिक्सेल पुरेसे असले तरी आणखी पाच गोष्टी पाहाव्या लागतात. कॅमेरा उंचावर असतो आणि खाली बघतो, त्यामुळे कपाळ मोठं आणि हनुवटी लहान दिसते. रुंद कोनाच्या भिंगात कडेचे चेहरे ताणले जातात. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, लांबून काढलेल्यात चेहरा सपाट होतो. मोबाइलवर हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोची दहा मीटरवरच्या कॅमेऱ्याशी तुलना करताना हा फरक मोजमापांत शिरतो. रात्रीचं चित्र अवरक्त प्रकाशातलं असतं. त्यात रंग नसतो, आणि काळा शर्ट कापडानुसार फिकट, कधी पांढराही दिसतो. ‘पांढरा शर्ट घातलेला इसम’ या वर्णनावर माणसं पकडली जातात, म्हणून ही बाब मुद्दाम तपासा. पाचवी गोष्ट कॉम्प्रेशन. जागा वाचवण्यासाठी डीव्हीआर चित्राचे चौकोनी तुकडे करतो आणि दोन पूर्ण फ्रेमच्या मधल्या फ्रेम अंदाजाने भरतो. त्यात गालावर तीळ उगवतो आणि खरा तीळ पुसला जातो. उपाय सोपा आहे. तो तीळ आधीच्या आणि नंतरच्या दहा फ्रेममध्ये पाहा. चेहऱ्याबरोबर हलत असेल तर तो चेहऱ्यावरचा. चौकोनाबरोबर येत-जात असेल तर यंत्राचा.

चित्र ‘स्पष्ट’ केलेलं असेल तर थांबा आणि कशाने केलं ते विचारा. उजेड-अंधार वाढवणं ठीक, तेही नोंद ठेवून. पण कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम नसलेले पिक्सेल शिकलेल्या चेहऱ्यांवरून भरतात. तो चेहरा कॅमेऱ्याने पाहिलेला नसतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायाधीशांनी मार्च २०२४ मध्ये खुनाच्या खटल्यात असं वाढवलेलं चित्रीकरण याच कारणाने नाकारलं.

चौथी पायरी: फोटो प्रयोगशाळेत कसा गेला?

हा या लेखाचा गाभा आहे आणि नेमकी हीच बाजू आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहते.

तपास अधिकाऱ्याचं प्रयोगशाळेला गेलेलं पत्र मागवा. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे, मग ती मुंबईतली कलिनाची असो की प्रादेशिक, मुद्देमाल जातो तेव्हा सोबत गुन्ह्याची थोडक्यात हकीकत जाते. त्या पत्रात बहुधा असं काही असतं: ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असून चोरीचा माल त्याच्याकडून जप्त केला आहे. सोबतचा फोटो आरोपीचा आहे. फुटेजमधील इसम हाच आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय मिळावा.’ पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, हे आपण पहिल्या वर्षाला शिकलो. इथे तीच कबुली तज्ज्ञाच्या टेबलावर जाते आणि ‘विज्ञान’ बनून परत येते. तज्ज्ञ प्रामाणिक असला तरी उत्तर आधी कळल्यावर डोळा साम्य शोधतो. हा मानवी स्वभाव आहे, त्यात कुणाची लबाडी नाही.

आता हे ओळखपरेडीशी ताडून पाहा. परेडीत पोलीस बाहेर थांबतात, साक्षीदाराला आरोपी आधी दाखवला असेल तर परेड निरर्थक ठरते, डमी वयाने-बांध्याने सारखे निवडतात. हे सगळं कशासाठी? सूचना मिळू नये म्हणून. मग वैज्ञानिकाला सूचना मिळाली तर चालते का? तज्ज्ञाला विचारा: तुम्हाला किती जणांचे फोटो दिले होते? उत्तर ‘एकाचा’ असणार. पुढचा प्रश्न: त्याच वयाच्या, त्याच ठेवणीच्या आणखी पाच जणांचे फोटो नावं न सांगता दिले असते, तर तुम्ही यालाच निवडलं असतं, हे कशावरून? या प्रश्नाला मला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

सरकारी बाजूने हे सहज सुधारता येईल. पत्रातून हकीकत गाळा, फोटोंना क्रमांक द्या, सोबत सारख्या दिसणाऱ्या इतरांचे फोटो पाठवा. तज्ज्ञाने आधी फुटेजचा चेहरा एकटाच पाहून त्यातली वैशिष्ट्यं लिहावीत आणि मगच तुलनेचा फोटो उघडावा. दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं उत्तर न पाहता तपासावं. खर्च जवळपास शून्य.

तुलनेचा फोटोही तपासा. तो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने, किती अंतरावरून, कोणत्या कोनातून काढला? फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ खाली पोलिसांना छायाचित्रं घेण्याचा अधिकार आहे, आणि शरीराची अशी मापं देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ मध्येच ठरलं आहे. त्यामुळे फोटो घेण्यालाच विरोध करण्यात शक्ती घालवू नका. उलट, त्याच कॅमेऱ्यासमोर त्याच जागी आरोपीला उभं करून चित्र का घेतलं नाही, हे विचारा. अटकेच्या वेळी त्याची दाढी-केस कसे होते, त्याचा फोटो साक्षीदारांना दाखवला गेला का, हे कळायला पोलीस ठाण्याचं फुटेज मागा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रीकरण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तिथेही किमान एक वर्ष, ठेवण्याचा आदेश झाला आहे.

पाचवी पायरी: तज्ज्ञ कशाचा तज्ज्ञ?

साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ (जुनं ४५) विज्ञान, कला किंवा अन्य क्षेत्रातल्या विशेष जाणकाराचं मत ग्राह्य धरतं. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९-अ खालचा इलेक्ट्रॉनिक पुरावा परीक्षक येतो. हा फरक विसरू नका. फाइल अस्सल आहे, छेडछाड झालेली नाही, हे सांगणारा परीक्षक चेहरे जुळवण्यात तज्ज्ञ असेलच असं नाही. अहवालावर अनेकदा एकच सही दोन्ही कामांसाठी असते.

अनुभवाची वर्षं हा पुरावा नव्हे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात समोर उभ्या माणसाशी न जुळणारे १४ टक्के फोटो त्यांनी ‘जुळतात’ म्हणून सोडले, आणि नोकरीची वर्षं व अचूकता यांचा संबंध दिसला नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये अवघड अशा वीस फोटोजोड्यांवर मोठी चाचणी झाली. १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे नाणेफेक, अशा मापावर विद्यार्थ्यांचा मध्यांक ०.६८ आला, बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञांचा ०.७६, चेहरे उपजतच उत्तम ओळखणाऱ्यांचा ०.८३ आणि प्रशिक्षित चेहरा-परीक्षकांचा ०.९३. म्हणजे प्रशिक्षणाने फरक पडतो. मात्र त्या परीक्षकांकडे तीन महिने होते, फोटो समोरून काढलेले होते आणि प्रत्येक गटात काही जण फार चांगले, तर काही बरेच कच्चे निघाले. म्हणून विचारायचं ते हे: तुमची स्वतःची, उत्तर माहीत असलेल्या चित्रांवर, कधी चाचणी झाली आहे का? निकाल काय आला?

ऑस्ट्रेलियाचा हनीसेट खटला या संदर्भात प्रत्येकाने वाचावा. २००८ मध्ये सिडनीच्या एका उपनगरातल्या हॉटेलात दरोडा पडला. दरोडेखोराचा चेहरा कापडाने झाकलेला. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांनी फुटेज पाहून सांगितलं की दरोडेखोर आणि आरोपी दोघेही सडपातळ, डोकं लांबट, केस आखूड, पाठीचा कणा कमरेत आत वळलेला, उजव्या हाताचे. आणि फरक एकही नाही. आरोपी दोषी ठरला. १३ ऑगस्ट २०१४ रोजी तिथल्या उच्चतम न्यायालयाने ती दोषसिद्धी एकमताने रद्द केली. शरीररचनेचं ज्ञान खरं होतं, पण निष्कर्ष त्या ज्ञानातून आलेला नव्हता. प्राध्यापकांनी पडद्यावर जे पाहिलं ते कुणालाही दिसलं असतं. फक्त शब्द शास्त्राचे वापरल्याने त्या पाहण्याला वजन आलं. हा निवाडा आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपल्याच सर्वोच्च न्यायालयाच्या रमेशचंद्र अगरवाल निवाड्याशी (२००९) तो छान जुळतो. त्यात म्हटलं आहे की निष्कर्ष तपासण्याचे वैज्ञानिक निकष न्यायाधीशांपुढे ठेवणं हे तज्ज्ञाचं काम आहे. शिवाय साक्ष्य अधिनियमाचं कलम ४५ (जुनं ५१) मताची कारणंही संबद्ध मानतं. कारणांशिवायच्या दीड पानाला या दोन आधारांवर घ्या.

सहावी पायरी: पद्धत कोणती, आणि साम्य किती दुर्मीळ?

चेहरा-तुलनेच्या चार पद्धती आहेत: एकंदर पाहून ठरवणं, एकेक अवयवाच्या ठेवणीची तुलना, चेहऱ्यावर अंतरं आणि कोन मोजणं, आणि एका चित्रावर दुसरं चित्र चढवणं (अध्यारोपण). एफआयएसडब्ल्यूजी हा या क्षेत्रातल्या परीक्षकांचा कार्यगट अवयवांच्या ठेवणीची पद्धतशीर तुलना करा म्हणून सांगतो. मोजमापं आणि अध्यारोपण यांच्यावर स्वतंत्रपणे विसंबू नका, असंच त्यांचं म्हणणं आहे, कारण कोन आणि भिंग बदललं की अंतरं बदलतात. कवटीवर फोटो चढवून मृताची ओळख पटवणं आपल्याकडे राम लोचन प्रकरणापासून, १९६३ पासून, मान्य आहे. पण तो प्रश्न वेगळा होता.

अहवालात ‘बारा मुद्दे जुळले’ असं असेल, तर मुद्दे वाचा. रुंद नाक, मिशी, मागे गेलेली केसांची रेघ, भरलेले गाल. अशा ठेवणीचे किती पुरुष दादर स्थानकावर संध्याकाळी एका गाडीतून उतरतील? चेहऱ्यातल्या कोणत्या वैशिष्ट्याची कोणत्या वस्तीत किती वारंवारता आहे, याचा डीएनएसारखा आकडा तज्ज्ञाच्या हातात नसतो. त्यामुळे ‘जुळतं’ एवढंच सांगता येतं. ‘इतरांशी जुळणार नाही’ याला आधार राहत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी तज्ज्ञाला ‘बळकट आधार’ अशा शब्दांत मत द्यायची मुभा दिली आहे, आकडेवारी नाही हे स्पष्ट सांगण्याच्या अटीवर. न्यू साउथ वेल्समध्ये २००६ पासून भूमिका कडक: साम्य दाखवा, ओळख सांगू नका. मला दुसरी भूमिका पटते. व्रण, कानाची विशिष्ट घडण, ठरावीक जागचा तीळ यांना खरं वजन आहे, पण ते दिसायला चित्र तसं हवं.

फरकांचंही विचारा. नाकाचं टोक जुळत नाही, तिथे ‘कोनामुळे’ असं लिहिलेलं असतं. मग जुळलेली हनुवटी कोनामुळे जुळली नसेल, हे कशावरून?

सातवी पायरी: यंत्राने आधी शोध घेतला होता का?

अनेक तपासांत आता माणूस सापडतो तोच चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीतून. महाराष्ट्र पोलिसांकडे ‘अंबिस’ आहे, त्यात बोटांच्या ठशांसोबत चेहरे आणि बुबुळंही आहेत. अशी प्रणाली ‘हा तो आहे’ असं सांगत नाही. संग्रहातल्या चेहऱ्यांची गुणांनुसार यादी देते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं की ८० टक्क्यांवरचं साम्य ते जुळणी मानतात. ही मर्यादा ८० च का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

यातला धोका बारकाईने समजून घ्या. लाखो चेहऱ्यांतून यंत्राने फुटेजशी सर्वांत जास्त साम्य असलेला माणूस काढला. तो निरपराध असेल, तरी दिसायला तसाच असणार, कारण निवड साम्यावरच झाली. मग त्याचा फोटो तज्ज्ञाकडे जातो आणि साम्य सापडतं. मग साक्षीदार परेडीत त्यालाच निवडतो. फाइलमध्ये तीन पुरावे दिसतात, मुळात एकच असतो. म्हणून स्टेशन डायरी, शोधाचा तपशील, यादीतला क्रमांक, गुण आणि यादीतल्या बाकीच्यांचं काय केलं, हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ९४ खाली मागवा.

चाल आणि उंचीबद्दल थोडक्यात. चालीवरून ओळख पटवण्याला वैज्ञानिक आधार अत्यंत मर्यादित आहे, असं लंडनच्या रॉयल सोसायटीने २०१७ मध्ये न्यायालयांसाठीच्या पुस्तिकेत सांगितलं. उंचीचा अंदाज बूट, वाकणं आणि पावलाच्या टप्प्याने बदलतो. तो माणसाला वगळायला उपयोगी, गुंतवायला फारसा नाही.

आठवी पायरी: तज्ज्ञाला पिंजऱ्यात आणा

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ (जुनं २९३) खाली ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल साक्षीशिवाय वाचला जातो. ती यादी प्रत्यक्ष वाचा, त्यात आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचे संचालकही आहेत. खासगी तज्ज्ञाला हे संरक्षण नाही. पण यादीतल्या अधिकाऱ्यालाही न्यायालय बोलावू शकतं. इथे नवा सापळा आहे. कलम ३३० प्रमाणे कागदपत्रं मिळाल्यापासून तीस दिवसांत ती मान्य की अमान्य हे सांगायचं, आणि अहवालावर वाद नसेल तर तज्ज्ञाला बोलावलं जाणार नाही. सवयीने ‘मान्य’ लिहिलंत तर दार बंद. कारणांसह लेखी ‘अमान्य’ द्या.

उलटतपासात भाषण नको. प्रश्न छोटे ठेवा आणि क्रम राखा:

आपल्याला मूळ फाइल मिळाली की फोटो?
फुटेजमधल्या चेहऱ्याची रुंदी किती पिक्सेल? आपण मोजली का?
तुलनेचा फोटो पाहण्याआधी वैशिष्ट्यं लिहिली होती का? ती टिपणं आज सोबत आहेत का?
पत्रातली गुन्ह्याची हकीकत आपण वाचली होती, बरोबर?
इतर कुणाचा फोटो दिला होता का?
ही बारा वैशिष्ट्यं शंभर पुरुषांत किती जणांत असतील, याचा काही अभ्यास आपल्याकडे आहे का?
दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पडताळलं का?

इथे थांबा. ‘मग तुमचं मत चुकीचं आहे ना?’ हा शेवटचा प्रश्न विचारायचा मोह होतो. विचारलात की तज्ज्ञाला सावरायची संधी मिळते.

नववी पायरी: युक्तिवादाच्या दिवशी

आधी पाहा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ (जुनं ३१३) खालच्या आरोपीच्या जबाबात फुटेज आणि अहवाल ही दोन्ही परिस्थिती आरोपीला स्वतंत्रपणे विचारली होती का. नसेल तर तो मुद्दा लेखी घ्या.

मग न्यायालयाला विनंती करा की फुटेज मोठं न करता, मूळ आकारात, मूळ प्लेअरवर, घटनेच्या वेळेपासून चालवून पाहावं. अहवालातला छापील चेहरा बहुधा कापून चार-पाच पट फुगवलेला असतो आणि त्यामुळे त्यात तपशील असल्याचा भास होतो. एका दालनात न्यायाधीशांनी मूळ चित्र मागवलं तेव्हा पडद्यावर तो चेहरा नखाएवढा होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि लघुलेखकाला सांगितलं, “लिहा, न्यायालयाने निशाणीचं चित्रीकरण स्वतः पाहिलं. त्यातील इसमाचा चेहरा न्यायालयास ओळखता येत नाही.” ही नोंद रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या दैनंदिन नोंदीत, त्याच दिवशी यावी, यासाठी अर्ज आधीच टंकून नेलेला बरा. अपिलात पडदा नसतो, रोजनामा असतो.